सचिनचे बारा छर्रे

सुरतहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. पाटी दिसताच आमच्या चिरंजीवांनी फोटो काढून मित्रांना पाठवला. तेंडुलकरच्या नावाचं स्टेशन! म्हटलं, बाबा रे, हे गाव त्याच्या कितीतरी आधीचं. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दीला पेशव्यांनी हा मुलूख दिला आणि बदल्यात त्याचा जंजिऱ्यावरचा हक्क लिहून घेतला. जंजिरा काही मराठ्यांच्या हाती आला नाही. सचिनचं सिद्दी नबाबांचं संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकलं.

"म्हणजे आपण फसलो?" एवढं विचारून तो पुन्हा मांडीवरचं खोकं सांभाळू लागला. खोक्यात त्याची रेडिओ कंट्रोलची रेसिंग बग्गी होती. खरं तर आम्ही मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून भेटायला चाललो होतो. पण रविवारी कॉलनीतल्या मुलांची शर्यत होती, आणि गाडी वळणावर करकर आवाज करत जागीच घुटमळत होती.

मामा अमळनेरचे. खानदेशातली कितीतरी माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आली, तसेच तेही आले. सचिनच्या जीआयडीसीत त्यांनी मागांचे मेकॅनिक म्हणून उभं आयुष्य काढलं. मग कारखान्यात वॉटरजेट माग आले, त्यांच्याबरोबर नवी पोरं आली, आणि मामांची हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. दोन वर्षांत ती उघडली नव्हती, असं मामी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या.

शेवभाजी झाल्यावर मामांनी गाडी हातात घेतली. एक चाक धरून दुसरं फिरवलं, कान लावला. "काय आहे आत?"

आत होता बॉल डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मोठ्या गाडीत ती सोय दातेरी चाकं करतात. इथे दात्यांऐवजी छर्रे. गिअरला बारा भोकं, प्रत्येकात एक छर्रा, दोन्ही बाजूंना पोलादी चकत्या आणि सगळं आवळून धरणारा एकच स्क्रू. सरळ जाताना सगळं एकत्र फिरतं. वळणावर छर्रे लोळतात, आणि गिअरच्या मानाने एक चकती पुढे सरकते, दुसरी मागे. या छोट्या गाड्यांसाठी ही युक्ती १९८० च्या सुमारास इंग्लंडच्या सेसिल शूमाकर यांनी काढली. ते आधी रेसच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॉसवर्थ कंपनीत इंजिनिअर होते.

"घसरायला लागली तेव्हा काय केलंत?"

"स्क्रू आवळला, आजोबा."

"आणि परत घसरली तेव्हा?"

"परत आवळला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. स्क्रू मीच आवळला होता.

जुन्या बनियनचा तुकडा अंथरून त्यांनी सगळं सोडवलं. ग्रीस काळं झालेलं, त्यात मातीचे कण. छर्रे मायक्रोमीटरने मोजले तर बाराही जण वेगवेगळे झिजलेले. शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसणारे एक काका राहतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून चकती पाहिली आणि गुजरातीतच निकाल दिला, "आमां तो खाडो पडी गयो छे." चकतीवर छर्ऱ्यांच्या वाटेचा गोल चर पडला होता. पण मागची बाजू कोरी होती! चकती उलटी बसवता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून मामांनी मुलाला चकत्या इंग्रजी आठाच्या आकड्यात घासायला लावल्या. बोट एकाच बाजूला दाबलं तर चकती तिरकी झिजते, म्हणून दर थोड्या वेळाने ती फिरवून धरायची. फोनशिवाय पाऊण तास बसलेला मुलगा मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. तोवर आम्ही बेअरिंगच्या दुकानातून छर्रे आणले. अडीच मिलिमीटरहून किंचित लहान, साधे पोलादी. टंगस्टन कार्बाइडचे जास्त टिकतात, पण ते तिथे नव्हते. मला झिजलेले तेवढेच बदलायचे होते. मामांनी अडवलं. नवा छर्रा जुन्याहून मोठा, मग सगळा दाब त्या एकट्यावर येणार. बाराच्या बारा बदलायचे.

छर्ऱ्यांना पारदर्शक सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. स्क्रूपाशी दाब झेलणारं चिमुकलं बेअरिंग असतं, त्याला मॉलिब्डेनमचं काळं. स्क्रू थोडा आवळायचा, चाकं हाताने फिरवायची, पुन्हा थोडा. स्प्रिंग पूर्ण दबली की अष्टमांश वळसा मागे. मोटरचा झटका खरं तर स्लिपर क्लचने सोसायचा असतो. डिफरन्शियल त्याच्या आधी घसरला, तर छर्रे लोळायचं सोडून घासतात आणि चर पडतो. म्हणजे सैल राहिला तर चर, आणि आमच्यासारखा अती आवळला तर छर्रे चकतीत रुततात. गिअर आणि एक चाक घट्ट धरून मामांनी दुसरं चाक अंगठ्याने फिरवून पाहिलं. हलेना. त्यांचा हात जरा थरथरत होता, म्हणून त्यांनी तीच परीक्षा मुलाकडून परत करवली.

एक चाक धरून मोटर हळू चालवली, मग दुसरं धरून. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर गाडी पाण्याच्या टाकीला वळसे घालत सुटली. आवाज नाही, घुटमळणं नाही. मामी काठी टेकत जिन्यापर्यंत आल्या. मामा गाडीकडे बघतच नव्हते, मान खाली घालून नुसते ऐकत होते.

निघताना त्यांनी स्क्रूचं माप समजावं म्हणून आमच्या अ‍ॅलन कीवर लाल रंगाची खूण करून दिली. शर्यतीत मुलगा तिसरा आला. आता दर रविवारी गाडी धुतली की तो मामांना चाकाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. परवा पाच मिनिटांत उत्तर आलं, "डावीकडचं ग्रीस वाळलंय. उघड. आवळू नको, आणि आईला हात लावू देऊ नको."