विदर्भ म्हणा, पण वऱ्हाड विसरू नका

गावातल्या सभेत मी ‘विदर्भासाठी पीक सल्ला’ वाचू लागलो, की मागून हमखास आवाज येतो, “साहेब, आमच्या वऱ्हाडाचं काय ते सांगा ना जी!” मला हे बोलणे रास्त वाटते. विदर्भ हे रुक्मिणीच्या माहेरचे जुने नाव. त्यात आज अकरा जिल्हे बसतात, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यासुद्धा. वऱ्हाड म्हणजे मात्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि १९९८ साली अकोल्यातून निघालेला वाशीम. हा कपाशी-तुरीचा मुलूख. धानाचा सल्ला इथे काय कामाचा?

अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या नावाची फोड ‘वरदा-तट’ अशी केली आहे. वरदा म्हणजे आपली वर्धा नदी. फारसी दफ्तरात त्याचे ‘बरार’ झाले. १८५३ साली निजामाकडून कारभार घेणाऱ्या इंग्रजांनी ‘बेरार’ लिहिले. घरात, बाजारात वऱ्हाड ते वऱ्हाडच राहिले. अमरावतीची गंमत आणखी वेगळी. जुन्या कागदांत ती ‘उमरावती’, म्हणून इथला कापूस परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘ऊमराज’ झाला. गाठी लिव्हरपूलला गेल्या. पिकवणाऱ्याला आपल्या मालाचे हे नाव कोणी सांगितलेही नसेल.

कपाशीच्या पत्रकावर मी हल्ली ‘विदर्भ’ खोडून ‘वऱ्हाड’ लिहितो आणि खाली पाचही जिल्हे घालतो. नाहीतर शाळकरी पोरे विचारतात, “कोणाच्या लग्नाचं?”