हनुवटीवरचा आळ

आमच्या घराण्यात दोन वस्तू पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. एक पितळेचा मोठा पानडबा आणि दुसरी हनुवटी. पानडबा धाकट्या भावाकडे गेला. हनुवटीची वाटणी मात्र कोर्टकचेरीशिवाय सर्वांना सारखी झाली. आजोबांच्या फोटोत ती त्यांच्या पगडीइतकीच ठसठशीत दिसते. माझ्या वाट्याला आली तेव्हा शाळासोबत्यांनी तिचे ‘गच्ची’ असे बारसे करून टाकले. माझे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, त्यामुळे तोंड मिटले की हनुवटी जरा जास्तच पुढे होते. तरुणपणी एका दंतवैद्याने नुसते पाहूनच सांगितले होते, “खालचा जबडा वाढलाय. त्याला इलाज नाही.” तो निकाल मी जन्मभर मान्य केला. लग्नाच्या फोटोत अंतरपाट दूर झाला आहे, पण मी मात्र उपरणे तोंडाशी धरून उभा आहे.

गेल्या साली नातीच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. ती आठ वर्षांची. तिचे पुढचे पक्के दात नुकतेच आलेले, आणि खालचे वरच्यांच्या पुढे! संमेलनाचा फोटो घरी आला. रांगेतल्या साऱ्या मुली हसताहेत आणि आमची तेवढी तोंडावर तळवा धरून उभी. मला चटका बसला. हनुवटी तिला रक्तातून आली असेल. पण तोंडावर हात धरणे रक्तातून येत नाही. ते ती माझ्याकडे पाहून शिकली होती.

तरीही मी घरात जुनाच निकाल वाचून दाखवला. “खालचा जबडा वाढलाय. वाढ पुरी होऊ द्या, मग पाहू.” सूनबाई म्हणाली, “बाबा, एकदा दाखवून तर येऊ.” आणि आम्ही तिघे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसलो.

“काय तक्रार आहे?” त्यांनी विचारले.

“हिचा खालचा जबडा पुढे आलाय,” मी अधिकारवाणीने सांगितले.

“ते पाहू. आत्ता आपण एवढंच म्हणू, की खालचे दात पुढे आहेत.”

मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत. शब्द बदलला की माझे कान टवकारतात. दात पुढे आणि जबडा पुढे यांत फरक तो काय? मी तसे विचारलेच, आणि बाईंनी न कंटाळता समजावले.

एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली चाव्याचे तीन वर्ग पाडले. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, यावरून ते ठरतात. आमची नात तिसऱ्या वर्गातली. परंतु तो वर्ग दाढांची गोष्ट सांगतो, जबड्यांची नव्हे. खालचा जबडा पुढे असला तरी तिसरा वर्ग, वरचा मागे राहिला तरी तिसरा वर्ग, आणि दोन्ही एकदम असले तरीही तिसराच. कधी तर दोन्ही जबडे जागच्या जागी असतात. चावताना एखादा दात आडवा येतो, म्हणून मूल खालचा जबडा पुढे सरकवून घेते. त्याला खोटा तिसरा वर्ग म्हणतात. शिवाय जबडा लहान असणे निराळे आणि मागे असणे निराळे. पहिल्याला मायक्रोग्नॅथिया म्हणायचे, दुसऱ्याला रेट्रोग्नॅथिया. नुसते ‘जबड्यात दोष आहे’ म्हणणे म्हणजे ‘पुस्तकात चूक आहे’ म्हणण्यासारखे. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, ते सांगितल्यावाचून दुरुस्ती करायची कशी?

मग बाजूने डोक्याचा एक्स-रे काढला. ही रीत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे बसवली. कवटीच्या तळाची रेघ धरून दोन्ही जबड्यांचे कोन मोजतात. वरचा साधारण ८२ अंश आणि खालचा ८० अंश भरावा, असा ठोकताळा आहे. नातीचा खालचा भरला ७९. वरचा भरला अवघा ७७.

“आजोबा,” बाई म्हणाल्या, “हिचा खालचा जबडा निर्दोष आहे. वरचा मागे राहिलाय.”

आपल्या घराण्यावर इतकी वर्षे भलताच आळ होता की काय, अशा विचारात मी पडलो. मग कळले, की असा घोळ राजघराण्यांतही झाला आहे. युरोपातल्या हाब्सबर्ग राजांची लांब हनुवटी प्रसिद्ध आहे. व्हेलास्केसने काढलेल्या स्पेनच्या चौथ्या फिलिपच्या चित्रांत ती स्पष्ट दिसते. २०१९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दहा शल्यवैद्यांना या घराण्याची ६६ चित्रे तपासायला दिली. त्यांना पुढे आलेला खालचा जबडा दिसला, तसा खुरटलेला वरचा जबडाही दिसला. नाव मात्र एकट्या हनुवटीचे झाले!

हा नुसता शब्दांचा कीस नाही. खालचा जबडा उंचीबरोबर उशिरापर्यंत वाढतो. त्याचे ऑपरेशन करायचे तर वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागते. वरच्याचे तसे नाही. त्याला पुढे ओढायचे तर ते साधारण दहा वर्षांच्या आत केलेले बरे. म्हणजे माझा चुकीचा शब्द मानला असता, तर आम्ही पोरीचे मोलाचे दिवस शहाणपणाने वाट पाहण्यात घालवले असते.

आता ती रात्री कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी एक चौकट लावून झोपते. तोंडातल्या आकड्यांपासून चौकटीपर्यंत रबरे ताणलेली असतात. पहिले चार दिवस रडली, पाचव्या दिवशी स्वतःला अंतराळवीर म्हणवू लागली. वयात येताना खालचा जबडा किती वाढेल याची हमी बाईंनी दिलेली नाही. पुढे ऑपरेशन लागणारच नाही, असेही त्या म्हणाल्या नाहीत. पण वरचे दात आता खालच्यांच्या किंचित पुढे आले आहेत.

यंदा नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून सगळे अंगणात फोटोला उभे राहिलो. सवयीने माझा हात वर गेला.

“आबा, हात खाली घे ना,” नात म्हणाली.

आपलेच दात नि आपलेच ओठ, झाकायचे कोणापासून? मी हात खाली घेतला.