आर्चीच्या वयाच्या आम्ही

बीडच्या थिएटरात ‘सैराट’ बघताना पहिला मोठा आवाज उठला तो विहिरीला. पडद्यावर पोरं धपाधप उड्या टाकतायत, पाणी उसळतंय, आणि माझ्या शेजारी बसलेली आज्जी मोठ्यानं म्हणाली, “माय माय, हिरीला पाणी केवढं हाय गं!” मागच्या-पुढच्या बायकांनीही तोच सूर धरला. २०१६ चा मे होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं. वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावात टँकर यायचा आणि विहिरीत पाणी सोडून निघून जायचा. मग काठावर एकच झुंबड. दोरीला बांधलेल्या घागरी एकमेकींवर आदळायच्या, वर येईस्तोवर निम्मं पाणी सांडलेलं असायचं. आणि इथं पडद्यावर आमच्याच वयाची एक मुलगी विहिरीवर येते, पोरांना हुकूम सोडून बाहेर काढते आणि स्वतः पोहायला उतरते. मला पोहता यायचं. पण शहाणी झाल्यापासून विहिरीत उतरायची बंदी होती आणि ती कुणी घातली हे विचारायचीही सोय नव्हती.

मी नववीची परीक्षा देऊन मामाकडे आले होते. तिकिटं मामानं काढली. आज्जी, मामी, मी आणि माझ्याच बाकावर बसणारी माझी जोडीदारीण. आर्ची झालेली रिंकू राजगुरू साधारण आमच्याच वयाची, आणि अकलूजची. अकलूज हे नाव आमच्या घरात रोज घेतलं जायचं. माय-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला त्याच पट्ट्यात जायचे. दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर लागायचा, मुकादमाची उचल तोवर खर्चून झालेली असायची, आणि चार दिवसांत गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरं एवढीच उरायची. सहावीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर फडावर गेले आहे. नंतर आज्जीनं मला ठेवून घेतलं.

मध्यांतरानंतर थिएटर गप्प झालं. वेगळ्या जातीच्या पोराबरोबर पळालेली पाटलाची लेक हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडते, संडासच्या वासानं तिला मळमळतं, पाणी भरता येत नाही, स्वयंपाक येत नाही. मागच्या रांगेतली पोरं हसली. मामी हळहळली, “कुठल्या कुठं आली बाई.” मला मात्र ते सगळं ओळखीचं वाटत होतं. पाचटाची कोपी, वाकून आत जायचं दार, तीन दगडांची चूल. पहाटे तीनला माय उठायची, भाकरी थापून फडात जायची. दिवसभर मोळ्या बांधायच्या आणि सांजेला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. ती फळी पायाखाली लवायची. खालून बघताना मी श्वास धरून ठेवायची. आडोशाला जायचं ते अंधार पडल्यावर, पाळी असली तरी. आर्चीला एका रात्रीत जिथं उतरावं लागलं, तिथं माझी माय दरवर्षी सहा महिने राहत होती आणि त्याची हळहळ कुणाला वाटत नव्हती.

‘सैराट’बद्दल लोक प्रेमाचं बोलतात, गाण्यांचं बोलतात, जातीचं बोलतात. जातीचं तर बोललंच पाहिजे, नागराज मंजुळेंनी सिनेमा त्यासाठीच रचलाय. पण मला तो एका मुलीच्या मोठं होण्याचा सिनेमा वाटतो, आणि ती मोठी होते ती बुलेट चालवताना नाही. बुलेट, ट्रॅक्टर, तो रुबाब बापाच्या वाड्यातून आलेला असतो. हैदराबादेत ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परकी भाषा शिकते, पगार हातात घेते, भांडते, परत येते, संसार उभा करते. तिथं जे आहे ते तिचं स्वतःचं आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकूचा विशेष उल्लेख झाला, तो माझ्या मते याच उत्तरार्धासाठी शोभतो.

परतताना काळीपिवळीत गर्दी होती. निम्मे लोक सिनेमाच बघून आलेले. जातीवर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे बोलले ते पोरीवर. पोरींना मोबाइल दिले की असं होतं. कॉलेजात धाडलं की असं होतं. वेळेत उजवून टाकलेलं बरं. माझी जोडीदारीण खिडकीशी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, पण दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही.

तिचं लग्न दिवाळीच्या आत झालं. तिनं काही केलं नव्हतं. कुणा पोराशी बोलणंही नव्हतं. तिनं सिनेमा पाहिला होता, आणि तिच्या बापानं त्याचा शेवट ऐकला होता. आमच्याकडं हिशोब असा असतो: उचल जोडीला मिळते, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे पोराच्या घराला तोडीला बाई लागते, आणि पोरीच्या घराला वयात आलेली लेक गावात एकटी सोडायची धास्ती असते. दोघांची गरज एका मांडवात भागते. त्या वर्षी तिच्या बापाला वर ‘सैराट’चं निमित्त मिळालं. हळदीत ती हसत होती. पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरमध्ये बसली तेव्हा तिच्या पायाशी पातेल्यांचं गाठोडं आणि नवा कोयता होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास होता. माझी जोडीदारीण तेव्हा त्या वयोगटात पोचलीही नव्हती. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. माझी धाकटी बहीण त्यांतली. ज्यांना जन्मू दिलं त्यांना शिकू तरी द्या, असं मला ओरडून सांगावंसं वाटतं.

माझ्या लग्नाचा विषयही त्याच उन्हाळ्यात निघाला होता. बाप ओसरीवर बसून कोयत्याच्या मुठीला पट्टी गुंडाळत होता. म्हणाला, “जमाना बघायलीस ना आई? त्या शिनिमातल्या पोरीचं काय झालं?”

आज्जी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “त्या पोरीला मारलं कुणी? भावानं. मंग कोंडायचं कुणाला?”

बाप काही बोलला नाही. पट्टी पुन्हा सोडून नव्यानं गुंडाळायला लागला. जूनमध्ये माझं नाव दहावीच्या हजेरीत होतं. मानव विकासच्या निळ्या एसटीनं मी शाळेत जात राहिले, पुढं कॉलेजलाही एसटीनंच गेले. दहावीच्या वर्षी रिंकूनं गर्दीला कंटाळून परीक्षा बाहेरून दिल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. एवढं नाव झालं तरी तिनं दहावी सोडली नाही.

आता मी एका विद्यालयात मराठी शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींचे आई-बाप तोडीला जातात. या दसऱ्याला दहावीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही. मी आणि अंगणवाडीच्या ताई तिच्या घरी गेलो. दारात नवी भांडी मांडलेली दिसली. बोलणं लांबलं, आवाज चढले, मुलांच्या हेल्पलाइनचा, १०९८ चा विषयही निघाला. तिचा बाप माझ्या बापासारखाच गरीब माणूस, त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटेना. शेवटी तिची आजी म्हणाली, मी ठेवून घेते तिला. मुलीचा बोर्डाचा फॉर्म भरला आहे. लग्न मोडलेलं नाही, मार्चपुढं ढकललं आहे. शेवटचा पेपर झाला की मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.