न तुटलेल्या पट्ट्याचे साडेचौदा हजार

गाडीतले बरेचसे भाग तसे सभ्य असतात. जायच्या आधी कळवतात. ब्रेक पॅड झिजले की किंचाळतात, बॅटरी आठवडाभर सकाळी कुरकुरते, टायरची नक्षी गेलेली डोळ्यांना दिसते, क्लच घाटात जळका वास सोडतो. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचं लॉगिंग व्यवस्थित चालू असतं. अपवाद टायमिंग बेल्टचा. हा गडी शेवटच्या मिनिटापर्यंत इमानेइतबारे काम करतो आणि मग थेट राजीनामा. नोटीस पीरियड शून्य!

ज्यांचा या प्राण्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिस्टन वर-खाली झाले की इंजिनातला खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. वरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोब्बर एक झाला पाहिजे. हा हिशेब सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन २,००० आरपीएमवर असेल तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा चालत्या गाडीत तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र फिरतच राहतो आणि वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असायची, त्यामुळे नुसती गाडी बंद पडण्यावर निभावायचं. डिझेलमध्ये ती आशा सोडा. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, नशीब खराब असेल तर पिस्टनही जातो. शिवाय इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगही जड होतं.

सगळ्याच गाड्यांना हा पट्टा नसतो. मारुती ८००, पहिली सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल, पोलोचं १.५ टीडीआय ही सगळी बेल्टवाली. स्विफ्टच्या १.३ डिझेलला आणि मारुतीच्या के-सिरीजला साखळी. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत रबरी पट्टा आणला, तोपर्यंत साखळी नाहीतर गिअर. पट्टा स्वस्त, हलका आणि आवाज न करणारा. फक्त त्याला आयुष्य आहे, एवढंच.

आणि खरी गोम तिथेच आहे. आयुष्य किती? साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर (काही नव्या इंजिनांना त्याहून जास्त), किंवा ठरावीक वर्षं, यातलं जे आधी येईल ते. आपण सगळे किलोमीटर वाचतो आणि वर्षं विसरतो. पण रबर ओडोमीटर बघत नाही. ते उष्णतेने, तेलाच्या थेंबांनी आणि नुसत्या वयानेही कडक होतं. शिवाय सिग्नलला उभं राहून किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र फिरतच असतं.

बाबांची गाडी याचं उत्तम उदाहरण. साताऱ्यात राहतात, वय ७४. डिझेल हॅचबॅक, नऊ वर्षांत ५२,००० किलोमीटर. दर सर्व्हिस वेळेवर, सगळी बिलं फाईलला. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं : ९०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं. सर्व्हिस सेंटरवाले दरवेळी मीटर बघून "अजून वेळ आहे काका" म्हणायचे. यंदा गणपतीला आईला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचा बेत ठरला, आणि मी विषय काढला.

"अरे, गाडी मख्खन चालतेय. चांगली वस्तू कशाला बदलायची?"

"बाबा, नऊ वर्षं झाली. पुस्तकात पाच आहेत."

"पुस्तकं काय, कंपनीचीच असतात."

दोन दिवस फोनवर हेच. शेवटी मीच शनिवारी साताऱ्याला गेलो आणि गाडी एका ओळखीच्या मेकॅनिककडे लावली. किट (बेल्ट, टेन्शनर, आयडलर) ७,२०० रुपये, वॉटर पंप २,९००, कूलंट ९००, मजुरी ३,५००. एकूण १४,५००. वॉटर पंप कशाला? कारण या इंजिनात तो याच पट्ट्यावर फिरतो. तो पुढच्या वर्षी गळायला लागला तर माउंट काढून, कव्हर उघडून तीच मजुरी पुन्हा. आणि पंप जाम झाला तर नवा पट्टाही जातो. शेजारच्या टेबलावर एका गाडीचं हेड उघडून ठेवलेलं होतं, पट्टा तुटलेली. त्याचा अंदाज साठ हजारांच्या पुढे.

मेकॅनिकने जुना पट्टा बाबांच्या हातात दिला. वरून अगदी ठणठणीत. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की बस! मग मेकॅनिकने तो उलटा वाकवला. दोन दातांच्या मधे, मुळाशी, बारीक भेगा होत्या. एक नाही, ओळीने. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर, बिलाचा आकडा लिहिला आणि खाली : "पुढचा पाच वर्षांनी. जे आधी येईल ते." मग स्वतःशीच म्हणाले, "तोवर मी चालवत असेन की नाही कोण जाणे." आई म्हणाली, "गाडी तरी चालेल ना!" असो.

अशा खर्चाची गंमत ही की तो फळला याचा पुरावा कधीच मिळत नाही. घाटात काही झालं नाही, हाच पुरावा. प्रोजेक्टमध्ये बॅकअपसाठी बजेट मागताना मॅनेजरचा जो चेहरा होतो तो आठवा.

तर मंडळी, गाडी सेकंडहँड घेणार असाल तर "बेल्ट बदललाय" या वाक्यावर जाऊ नका, बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. स्वतःची असेल तर ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक एकदा उघडा. आणि घरच्या एखाद्या काकांची कमी पळालेली जुनी गाडी असेल तर आधी तिचं बघा. कमी पळते म्हणूनच तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.