बांध दोघांचा

आमच्याकडं भावाभावांत अबोला झाला की कारण विचारायचं नाही, बांध कोरला असणार. दरसाली नांगराचं एक तास बांधात घालायचं, म्हणजे पाचसात वर्षांत हातभर रान वाढतं. वाढतं ते पाचुंदाभर पीक, आणि जातो तो अख्खा बांध.

त्या बांधावर काय नव्हतं? बोर, बाभळ, निंब, करंज. बाभळीवर कोतवाल बसायचा आणि हरभऱ्यातल्या अळ्या टिपायचा. निंबाच्या ढोलीत पिंगळा असायचा, रातचे उंदीर त्याच्याकडं. सावली पडते म्हणून एकानं झाड तोडलं की दोन्हीकडची राखण गेली. बांध मोडायला एक गडी पुरतो, राखायला दोघांची कबुली लागते.

मधमाशीचंही तसंच. काकडीला, डांगराला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी फिरली नाही तर कळी पिवळी पडून गळते. ही फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. त्या वेळात शेजाऱ्यानं विषारी फवारा मारला तर माझ्या वेलाची माशीही मरते; ती काय सातबारा बघून बसत नाही. म्हणून शेजारचे नाना, मी आणि ओढ्याकडचे दोघं, असं चौघांनी ठरवलं. फुलोऱ्यात शक्यतो औषध नको. मारायचंच झालं तर दिवस कलल्यावर. दोडका मात्र सांजेला फुलतो, त्याची वेळ निराळी. मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था 1962 पासून पुण्यातच आहे. पण तिथलं ज्ञान रानात उतरायचं तर चार पंप एका वेळेवर यावे लागतात.

बियाण्याला तर शेजारी लागतोच. आमच्या घरचं डांगर आईच्या वेळचं. बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं. शेजारी कुणी संकरित डांगर लावलं की माशी तिकडचा पराग इकडं आणते आणि पुढच्या साली त्या बियांची फळं बदलतात. बाजरीचा पराग तर वारा नेतो. मडकं आपल्या घरात असलं तरी बी शुद्ध राहणं शेजाऱ्याच्या हातात असतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हे बायकांना सोबत घेऊन केलं. बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. त्यांच्या बियाणे बँकेतून बी न्यायचं आणि पिकल्यावर दुप्पट परत करायचं. त्यांना पद्मश्री मिळाली ते सगळ्यांना ठाऊक आहे; मला मोठा वाटतो तो हा दुपटीचा नियम. त्यानं बी एका घरात अडकत नाही. एका घरचं किडलं तर दुसऱ्या घरी सापडतं.

आमचं मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेलं. 2002 च्या कायद्यानं गाव असो की शहर, जैवविविधता समिती नेमायची आणि लोकांना विचारून नोंदवही करायची. वहीत डांगर लिहिता येईल. पण ते लावायला रान आणि रानाला शेजारी कुठून आणायचा? नानांच्या मुलांनी रान विकलं. त्यांना दोष देत नाही, गुंठ्याचा भाव ऐकून कुणाचंही मन हलेल. बांधाच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे. करंज गेला, आग्यामोहोळ पुन्हा आलं नाही. चौघांचे आम्ही दोघं उरलो.

म्हणून मागल्या साली डांगराचं बी दौंड आणि पुरंदरकडच्या पाव्हण्यांत सहा घरी वाटलं. अट तीच, दुप्पट परत. आजूबाजूला संकरित डांगर नसेल तिथंच लावा, हेही बजावलं. नाना स्वतः मूठभर बी घेऊन लेकीच्या गावी गेले. यंदा तीन घरांतून बी परत आलं, त्यात त्यांच्या लेकीचं एक. पुडीवर तिनं लिहिलंय, “आबा, बांधावर लावलं होतं.”