सूक्ष्म कण आणि शरीरातील दाह

हवेतून श्वासावाटे आत जाणारा कण शरीरात कुठवर पोहोचतो, हे मुख्यतः त्याच्या आकारावर अवलंबून असते. दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे कण बहुतांशी नाकात, घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडतात. तिथला चिकट स्राव त्यांना धरून ठेवतो, रोमके तो स्राव वर सरकवतात आणि कण खोकल्यातून बाहेर पडतात किंवा गिळले जातात. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, म्हणजे हे कण तिच्या विसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक. ते थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे रोमके नसतात. राखणदारी भक्षक पेशींकडे असते.

भक्षक पेशी जंतू गिळतात आणि पचवतात. डिझेलच्या धुरातली काजळी मात्र पचत नाही. तिच्या कार्बनच्या गाभ्यावर लोह, तांबे, व्हॅनेडियम यांसारखे धातू आणि अर्धवट जळलेली सेंद्रिय द्रव्ये चिकटलेली असतात. त्यांच्यामुळे पेशीत अतिक्रियाशील ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, पेशीची प्रतिऑक्सिडीकारक ताकद अपुरी पडते आणि दाहाची जनुके जागी होतात. पेशी इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अशी संदेशवाहक प्रथिने सोडते. त्यांच्या हाकेवर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी फुप्फुसात येतात, श्वासनलिकांचे अस्तर सुजते, स्राव वाढतो. ही सारी शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था आहे. जंतू मेला की ती थंडावते. कण रोज नव्याने येत राहिले की तिला थांबायला सवडच मिळत नाही.

दम्याच्या रुग्णाला हा न थांबणारा दाह प्रत्यक्ष जाणवतो. प्रस्तुत लेखिका लहानपणापासून दम्याची रुग्ण असून चेंबूरमध्ये राहते. जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली आणि पूर्व उपनगरांवर अनेक दिवस धूर साचून राहिला. हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे असा धूर लवकर विरत नाही. पहिल्या संध्याकाळी डोळे चुरचुरले, घसा खवखवला, पण दम लागला नाही. छातीतली घरघर दुसऱ्या रात्री सुरू झाली आणि आकाश निवळल्यावरही कित्येक दिवस टिकली. घशाची खवखव ही मज्जातंतूंची तत्काळ प्रतिक्रिया असते. पेशी जमून अस्तर सुजायला काही तास, कधी दिवसही लागतात आणि उतरायला त्याहून अधिक. धूर गेला म्हणजे त्रास संपला, असे म्हणूनच होत नाही.

त्या काळात निळा पंप वारंवार घ्यावा लागला. त्यातले सॅल्ब्युटॅमॉल श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करते, मिनिटांत श्वास मोकळा होतो, पण दाह तसाच राहतो. तो कमी करतो स्टेरॉइडचा रोजचा पंप. त्याचा परिणाम सावकाश दिसतो, आणि बरे वाटू लागताच ‘पंपाची सवय लागेल’ या भीतीने घरोघरी तोच आधी बंद केला जातो. ही समजूत अत्यंत घातक आहे. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि ते जिथे दाह आहे तिथे थेट पोहोचते. कचराभूमीला खेटून असलेल्या गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्त्यांतल्या अनेक मुलांना हा दुसरा पंप कधी मिळालेलाच नसतो. लेखिकेला तो वेळेवर मिळाला, हा केवळ परिस्थितीचा फरक आहे.

फुप्फुसातला दाह रक्तातही उतरतो. इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) आणि फायब्रिनोजेन अधिक प्रमाणात बनवते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, धमन्यांतले मेदाचे थर अस्थिर होतात. ०.१ मायक्रोमीटरहून लहान कणांपैकी काही तर स्वतःच रक्तात शिरतात. कणप्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा मोठा आहे, तो यामुळे. आगीनंतरच्या तपासणीत लेखिकेचे सीआरपी थोडे वाढलेले आढळले. डॉक्टरांनी त्याचे खापर धुरावर फोडण्यास नकार दिला, आणि ते योग्यच होते: साधी सर्दी, हिरड्यांचा संसर्ग किंवा वाढलेले वजन यांनीही हा आकडा चढतो. एका माणसाच्या एका अहवालावरून कारण ठरत नाही.

ते ठरायला हवा बदलावी लागते. अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद होता. तो चालू असलेल्या हिवाळ्यांत मुलांना श्वसनविकारांमुळे रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण बंद काळाच्या दुप्पट-तिप्पट होते, असे आर्डन पोप यांनी १९८९मध्ये दाखवले. पुढे अँड्र्यू घिओ आणि रॉबर्ट डेव्हलिन यांनी त्या काळातल्या जपून ठेवलेल्या गाळणकागदांवरच्या कणांचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसात सोडला. कारखाना चालू असतानाच्या कणांनी ठळक दाह झाला, बंद काळातल्या कणांनी फारच कमी. दोन्ही अर्कांतला मोठा फरक धातूंचा होता. कण किती यासोबत कण कशाचे, हेही तितकेच महत्त्वाचे, हा या प्रयोगाचा मौलिक धडा.

बीजिंगमध्ये २००८च्या ऑलिंपिकसाठी वाहने आणि कारखाने यांवर कडक निर्बंध आले, तेव्हा १२५ निरोगी तरुणांचे रक्त आधी, दरम्यान आणि नंतर तपासले गेले. हवा सुधारताच रक्त गोठण्याशी निगडित पी-सिलेक्टिन हे प्रथिन ३४ टक्क्यांनी आणि व्हॉन विलेब्रँड घटक १३ टक्क्यांनी उतरला. बाकीच्या मापांतले बदल सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हते. निर्बंध उठले आणि प्रदूषण वाढले, तशी बहुतेक मापे पुन्हा चढली. दमा नसलेल्या, तरण्याताठ्या शरीरातही काही आठवड्यांत हा चढउतार होतो.

व्यक्तीच्या हातात असलेले उपाय मर्यादित आहेत. चेहऱ्याला नीट चिकटणारा एन-९५ मास्क सूक्ष्म कण अडवतो. ओढणी किंवा रुमाल फारसा अडवत नाही. खिडक्या बंद करून आत अगरबत्ती किंवा मच्छर-कॉइल लावली तर कण घरातच तयार होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये पीएम २.५ची वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची १५ ठरवली. भारताची २००९पासूनची मानके अनुक्रमे ४० आणि ६० आहेत. ज्या दिवशी सरासरी ५० असते, तो दिवस आपल्या हवा-गुणवत्ता निर्देशांकात ‘समाधानकारक’ गटात मोडतो, जरी ती पातळी संघटनेच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक असली तरी. जिच्याखाली परिणाम पूर्ण नाहीसा होतो, अशी सुरक्षित पातळी अद्याप आढळलेली नाही. त्यामुळे दम्याच्या रुग्णाने निर्देशांक हिरवा आहे म्हणून रोजचा पंप चुकवू नये.