काय बे, ग्राफिक कार्ड किती जीबीचं?

लग्नासाठी स्थळं बघणं आणि कॉम्प्युटरसाठी पार्ट्स निवडणं, या दोन गोष्टींत एक जबरदस्त साम्य आहे. मत प्रत्येकाला असतं, निस्तरायचं मात्र तुमचं तुम्हालाच! पहिल्या गेमिंग पीसीचं नुसतं नाव काढा... ऑफिसमधला कलीग ‘प्रोसेसर इंटेलचाच घे’ म्हणून शपथ घालतो, मावसभाऊ ‘एएमडीशिवाय बातच नाही’ म्हणून भांडतो आणि आई विचारते, ‘लॅपटॉप आहे ना तुझ्याकडं? मग हे काय नवीन?’

माझ्या बाबतीत आईचा प्रश्नच सगळ्यात अवघड होता. मी सोलापुरात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. वय सत्तावीस. दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरायचे आणि रात्री व्हॅलोरंट खेळायचं, असं आपलं साधं आयुष्य. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून मी एक लाख रुपये साठवले होते. ते खरं तर पुण्याला जाण्यासाठी. रूमचं डिपॉझिट, नवी नोकरी लागेपर्यंतचा खर्च वगैरे. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी तेच केलंय. कुणी हिंजवडी, कुणी खराडी, कुणी थेट हैदराबाद. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला टाटा करून करून हात दुखायला लागलेत आमचे!

मग २०२५च्या उन्हाळ्यात ठरवलं, जायचं नाही. ऑफिसात माझ्या भरवशावर काही क्लायंट आहेत, पप्पा ज्या कारखान्यात होते तो बंद झालाय, आणि खरं सांगू? मला इथंच राहायचंय. फक्त गँग हवी. ती रात्री दहानंतर हेडफोनमध्ये भेटते. खेळता खेळता स्ट्रीम केलं तर न खेळणारेही येऊन बसतील, कट्ट्यावर बसतात तसे. म्हणजे पुण्याला जायचे पैसे पुण्याला गेलेल्यांशी गप्पा मारण्यासाठी खर्च करायचे. हिशोब लिहायची सवय आहे मला, पण हा हिशोब आईसमोर मांडायला आठ दिवस लागले.

तिला खरी भीती ‘पैसे लावायच्या’ गेमची होती. त्यात चूक काहीच नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानं पैशांचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. मी तिला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘बरं. पण वीजबिल तू भरायचं.’ मंजूर!

यातलं आधी दमणार कोण?

एक लाखाच्या याद्या यूट्यूबवर ढिगानं मिळतात. बहुतेकींत एक गोष्ट सारखी असते. पैशांचा मोठा वाटा ग्राफिक कार्डात, उरलेल्यात बाकीचं कसंबसं. मित्रांमध्ये सुद्धा पहिला प्रश्न हाच, ‘काय बे, ग्राफिक कार्ड किती जीबीचं?’ जणू मुलाचा पगार विचारतायत.

पप्पा चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की सगळे ज्याच्या नावानं हाका मारतात तो माणूस. त्यांनी माझी यादी हातात घेतली, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, ‘यातलं आधी दमणार कोण?’ मी बघतच राहिले. व्हिडिओंमध्ये ज्याला ‘बॉटलनेक’ म्हणून अर्धा तास समजावतात, ते हेच! माग कितीही जोरात पळवा, सूत कच्चं असेल तर ते तुटणारच.

आणि त्यांना कळावं यात नवल नव्हतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उतरते. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४च्या सुमारास ही युक्ती आणली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या सांगतात की कुठला धागा वर उचलायचा. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी हीच पट्ट्यांची कल्पना घेतली. म्हणजे प्रोसेसरचा खापरपणजोबा पप्पांनी पाना घेऊन दुरुस्त केलाय. त्यांना ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणायची माझी काय बिशाद!

तर आधी काम लिहिलं, मग पार्ट. काम नंबर एक, व्हॅलोरंट. २०२० साली आलेला हा गेम मुळातच साध्या मशीनवर चालावा म्हणून बनवलेला. त्याचा जोर कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त. काम नंबर दोन, स्ट्रीमिंग. त्यासाठीचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण चित्र पाठवण्याआधी ते सेकंदासेकंदाला दाबून लहान करावं लागतं, आणि ते काम प्रोसेसरवर टाकलं की गेम अडखळतो. एनव्हिडियाच्या कार्डात या कामासाठी वेगळा भाग असतो, त्याला एनव्हेंक म्हणतात. गेम चित्र काढत असतो, तेव्हा हा शेजारी बसून गाठोडं बांधत असतो. एकमेकांच्या कामात फारशी लुडबूड नाही.

म्हणून प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोअरचा. त्याला स्वस्त भाऊ होता, रायझन ५ ५६००. पण तो जुन्या एएम४ सॉकेटचा. एएम५ घेतलं तर पुढं कधी मदरबोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल, हा विचार केला. बी६५० मदरबोर्ड. रॅम ३२ जीबी, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, कारण गेम, ओबीएस आणि ब्राउझर एकदम उघडे राहणार. (ही खरेदी २०२५ची. वर्षाअखेरीस एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरीवर हात मारला आणि रॅमचे भाव कडाडले. डिसेंबरात तर मायक्रॉननं ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता यादी करणाऱ्यांनी रॅमच्या भावापासूनच सुरुवात करावी.)

आणि कार्ड? आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचं. मावसभाऊ चार दिवस बोलला नाही.

आमच्या गावचा उन्हाळा

पण या ४०६०मागे आणखी एक कारण होतं. रिव्ह्यू करणारे लोक बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत बसून तापमान मोजतात. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि माझ्या खोलीत एसी नाही. पंखा कितीही भारी लावा, तो खोलीतलीच हवा फिरवणार. तिथं जी चिप सत्तरवर थांबते ती माझ्याकडं नव्वदच्या घरात जाणार. रायझन ७६००ची मर्यादा ९५ अंशांची. त्याच्या आसपास गेली की ती स्वतःहून वेग कमी करते.

म्हणून मी प्रत्येक पार्टाचे वॅट बघितले. ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट खाते, ४०७० खाते २००. जेवढे वॅट आत, तेवढी उष्णता खोलीत! वाचलेले पैसे पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटला आणि तीन पंख्यांना दिले. जाळीवर धुळीचा फिल्टर हवाच, कारण आमच्या गल्लीत अजून माग चालतात आणि सुताचे बारीक तंतू कुठंही जाऊन बसतात. काचेचं बंद कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण आमच्याकडं त्याचा महिनाभरात तंदूर झाला असता.

मग वीज. पॉवर सप्लाय हा पार्ट कुणालाच मिरवता येत नाही, म्हणून काटछाट आधी त्याच्यावर होते. पप्पांनी इथं बोट ठेवलं. ‘मोटर हलकी घेतलीस तर सगळा माग हलका.’ चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा घेतला. ऑफिसात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो, म्हणजे काठोकाठ. मी १००० व्हीएचा घेतला. लाइट गेली तर निदान ‘थांबा रे, लाइट गेली’ एवढं सांगून स्ट्रीम बंद करता येतं.

बिल पाहिजे, पक्कं!

खरेदीसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कुणी म्हणत नाही.) पहिल्याच दुकानात प्रश्न आला, ‘भावासाठी का?’ म्हटलं, ‘नाही, भाऊ चिडलाय.’ भाव खरंच कमी होते. पण एकानं ‘बिल नको असेल तर अजून कमी’ म्हटल्यावर माझ्यातली रिटर्न भरणारी जागी झाली. अठरा टक्के वाचवायचे आणि वॉरंटीच्या वेळी हातात काय दाखवायचं?

शेवटी मुंबईत फक्त कार्ड आणि प्रोसेसर घेतला, पक्क्या बिलावर. बाकी सगळं सोलापुरातल्या ओळखीच्या दुकानातून. दोन-तीन हजार जास्त गेले. पण बोर्ड बिघडला तर पार्सल करून वाट बघत बसण्यापेक्षा गाडीला किक मारून जाता येतं. जुळणी मात्र घरी, जमिनीवर चादर अंथरून. स्क्रू पप्पांनी आवळले.

ज्याचं कुणी विचारत नाही

शेवटचे तीन हजार उरले. त्यात झगमगते पंखे येत होते किंवा बरा माइक. मी माइक घेतला. कारण बघायला येणारे माझा नेम बघायला येणार नव्हते, तो काही एवढा खास नाही. ते ऐकायला येणार होते. मला स्ट्रीमवर हिंदी किंवा पुस्तकी मराठी बोलायचीच नव्हती. आमची सोलापुरी मराठी, जिच्यात ‘बे’ आहे, मधूनच कानडी आणि तेलुगू आहे, ती नीट ऐकू गेली पाहिजे.

पहिल्या रात्री अकरा जण होते. निम्मे पुण्यातले, दोन हैदराबादचे, एक बेंगळुरूची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला भेटणारी माणसं, अशीच एका मंगळवारी. कुणीही कार्ड विचारलं नाही. खराडीहून एकीनं लिहिलं, ‘मागं मागाचा आवाज येतोय का गं? बंद नको करू.’ मी माइकचा आवाज थोडा वाढवला.

तर तुमच्या यादीत पहिल्या ओळीवर ग्राफिक कार्ड असेल तर ते जरा खाली सरकवा. तिथं आधी लिहा, बोलायचं कुणाशी? मग आपली खोली किती तापते, वीज कितीदा जाते, इंटरनेटचा अपलोड किती आहे (१०८० पिक्सेलला ट्विच ६ मेगाबिट सांगतं, डाउनलोडचा आकडा इथं कामाचा नाही) ते लिहा. एवढं झालं की निम्मी यादी आपोआप तयार होते. उरलेल्या निम्मीवर मावसभावाशी भांडायला मोकळे!